इंदूरमध्ये बग्गी रस्त्यावर आणण्यापूर्वी

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणीविना मोटार वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. म्हणून माळरानावर धावणारी बग्गी (इंजिनावर चालणारी, उघडी, लहान गाडी) विकत घेण्यापूर्वीच, तिच्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खालील मान्यता, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेकडून, मिळाली आहे काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ती नसल्यास मागाहून दिवे-आरसे बसवून भागत नाही; माझ्या मते सौदा तेथेच सोडावा. मान्यता असल्यास नमुना 20 मधील नोंदणीच्या अर्जासोबत विक्री प्रमाणपत्र (नमुना 21), रस्तायोग्यतेचा नमुना 22, विमा आणि पत्त्याचा पुरावा जोडावा. परिवहन कार्यालयाने गाडी तपासणीस बोलावल्यास त्यापूर्वी चासी क्रमांकावरील (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावरील) चिखल पुसावा. इंदूरच्या नोंदणीची एमपी 09 ची पाटी लागेपर्यंत शहरातल्या सराफा बाजारापर्यंतची फेरीसुद्धा टाळावी.