सात-सात महिन्यांचे रेझ्युमे

एचआरमध्ये नव्याने आलात की पहिल्याच महिन्यात रेझ्युमेंचा गठ्ठा हातात पडतो. तो वाचायचा कसा, हे सहसा कुणी शिकवत नाही. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हे काम करते. आमच्याकडे अर्ज येतात ते बहुतेक आयटीआय नाहीतर डिप्लोमा झालेल्यांचे. त्यातली कितीतरी मुलं मराठवाडा-विदर्भातून आलेली असतात.

सुरुवातीला माझ्याकडून एक मोठी चूक होत होती. सात महिने इथे, सहा महिने तिथे, पुन्हा सात महिने तिसरीकडे असं दिसलं, की हा टिकणारा नाही असं म्हणून मी अर्ज बाजूला टाकायचे. एकदा शॉपवरच्या, म्हणजे जिथे मशीन चालतात तिथल्या, सुपरवायझर सरांनी तो बाजूचा गठ्ठा चाळला आणि विचारलं, "मॅडम, सगळ्यांनाच सातव्या महिन्यात कंटाळा कसा आला?"

मग त्यांनीच समजावलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की सलग एक वर्षाची सेवा धरली जायची. त्यानंतर कामावरून कमी करायचं तर नोटीस आणि भरपाई आली. ते टाळायला काँट्रॅक्टवरच्या पोरांना सातव्या महिन्यात ब्रेक देण्याची पद्धत पडली. म्हणजे पोरांनी नोकरी सोडली नव्हती, त्यांना थांबवलं होतं. आणि मी त्याची शिक्षा त्यांनाच देत होते. ते अजून मनाला लागतं.

आता मी ते तुकडे जोडून वाचते. तिन्ही ठिकाणी व्हीएमसीच (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) चालवलं का? ब्रेकनंतर किती दिवसांत दुसरं काम धरलं? त्याच कंपनीने पुन्हा बोलावलं असेल, तर माझ्या लेखी ती शिफारसच.

गठ्ठा उघडण्याआधी ज्याला माणूस हवाय त्याच्याजवळ जाऊन बसा. 'चांगला ऑपरेटर पाहिजे' एवढ्यावर उठू नका. ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) स्वतः टाकणारा हवा, की मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, नुसता लावणारा-काढणारा चालेल? फॅनक कंपनीचं मशीन कंट्रोल येत असलंच पाहिजे, की आपण शिकवू? अडून बसण्यासारख्या दोन-तीनच गोष्टी कागदावर लिहा आणि पहिल्या अर्जापासून शेवटच्यापर्यंत त्याच लावा. गठ्ठा संपला की मी पहिले दहा अर्ज पुन्हा वाचते, कारण तोवर नजर बदललेली असते.

'करिअर ऑब्जेक्टिव्ह' सोडून द्या. सायबर कॅफेवाला एकच फॉरमॅट सगळ्यांना देतो, त्यात त्या मुलाचं काही नसतं. इंग्रजी स्पेलिंगचंही तेच. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आलेल्या एका रेझ्युमेत 'व्हर्नियर' (मोजमापाचं साधन) दोन ठिकाणी दोन तऱ्हेने चुकलं होतं. पण तळाशी निळ्या पेनाने मराठीत लिहिलं होतं: "बोअर गेजने आयडी चेक करत होतो. मास्टर रिंगवर झिरो सेटिंग स्वतः करायचो." बोअर गेजने भोकाचा आतला व्यास, म्हणजे आयडी, मोजतात; त्याआधी ठरलेल्या मापाच्या मास्टर रिंगवर गेज शून्यावर आणावं लागतं. झिरो सेटिंगचं हे वाक्य हाताने काम केलेल्यालाच सुचतं. त्याला बोलावलं. समोर रिंग ठेवल्यावर त्याने गेजला हात लावण्याआधी रिंग कपड्याने पुसून घेतली. क्वालिटीच्या सरांनी पुढे फारसं विचारलंच नाही.

काही अर्जांत जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, विवाहित की अविवाहित, सगळं लिहिलेलं असतं. तो भाग मी घडी घालून मागे करते. एखाद्या ताईची मध्ये तीन वर्षं रिकामी दिसली, तर तिला विचारायचं ते कामाचंच: शेवटचं कुठलं मशीन चालवलं, ड्रॉइंग वाचता येतं का.

निवडलेल्यांना फोन कराल, तेव्हा एकदा लावून उचलला नाही म्हणून नाव खोडू नका. कितीतरी कारखान्यांत मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो, आणि पहिली शिफ्ट सुटते साडेतीनच्या सुमाराला. चारनंतर पुन्हा लावा.