कव्हरेज 92 टक्के, तरी पट्टी चुकली: टेस्ट ऑटोमेशनमध्ये या चुका टाळा

संत्र्याचा आंबिया बहार सुरू झाला की नागपुरातल्या आमच्या छोट्या टीमची रात्र लांबते. आडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. आवक, प्रत, वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी. दोन हंगामांपूर्वी आमचं कव्हरेज, म्हणजे टेस्टनी चालवलेल्या कोडच्या ओळींचं प्रमाण, 92 टक्के होतं, आणि त्याच आठवड्यात एका शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली दोनदा कापली गेली. चुकीची ओळ शोधली तर ती रिपोर्टमध्ये हिरवी होती. टेस्टने ती चालवली होती, पण पट्टी तयार झाली का एवढंच विचारलं होतं. रक्कम किती आली, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

कोड कव्हरेजबद्दल पहिल्या दिवशी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. कव्हरेजचं टूल ओळ चालली की नाही तेवढं सांगतं. उत्तर बरोबर आलं का, हे त्याला कळत नाही. म्हणून हिरव्या ओळींकडून फार अपेक्षा ठेवू नका, लाल ओळी मात्र एकेक करून वाचा. तिथे टेस्ट अजिबात पोचलेली नाही, ही माहिती पक्की असते.

अपेक्षित आकडा न तपासणारी टेस्ट ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. ती पकडायला म्युटेशन टेस्टिंग वापरा. पायथॉनसाठी म्युटमट, जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर. ही टूल्स तुमच्या कोडमध्ये मुद्दाम छोटे बिघाड करतात: वजाच्या जागी अधिक, ‘पेक्षा मोठं’च्या जागी ‘पेक्षा मोठं किंवा समान’. मग टेस्ट पुन्हा चालवतात. बिघाड करूनही सगळ्या टेस्ट पास झाल्या, तर त्या जागी तुमच्या टेस्ट नुसत्या हजेरी लावून जातात. आम्ही पट्टीच्या हिशेबावर हे चालवलं तेव्हा हमालीतली वजाबाकी पूर्ण उलटी करूनही एकही टेस्ट पडली नाही. हे काम वेळखाऊ असतं, म्हणून सगळ्या प्रोजेक्टवर चालवू नका. जिथे पैसा मोजला जातो तेवढ्याच फाइलींवर चालवा.

दुसरी चूक, फक्त ओळी मोजणं. समजा कोड असा आहे: सुरुवातीला दर रिकामा, प्रत ‘अ’ असेल तर दर 40, मग रक्कम म्हणजे वजन गुणिले दर. प्रत ‘अ’ची एकच टेस्ट लिहिली की सगळ्या ओळी चालतात आणि लाइन कव्हरेज 100 टक्के येतं. प्रत भरायची राहिलेला माल आला की दर रिकामाच राहतो आणि गुणाकारावर प्रोग्राम कोसळतो. ब्रँच कव्हरेज, म्हणजे अटीचे खरा-खोटा दोन्ही रस्ते मोजणं, चालू असेल तर ‘अट खोटी ठरली तेव्हाचा रस्ता कधी चाललाच नाही’ असं रिपोर्ट स्पष्ट दाखवतो. कव्हरेज डॉट पाय या पायथॉनच्या कव्हरेज टूलमध्ये ही सोय आपोआप चालू नसते, कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) ब्रँच सुरू करावी लागते. विमानाच्या सर्वांत धोकादायक पातळीच्या सॉफ्टवेअरसाठी तर डीओ-178सी हे मानक याच्याही पुढे जाऊन, अटीतला प्रत्येक तुकडा निर्णयावर स्वतंत्रपणे परिणाम करतो हे दाखवायला लावतं. आपल्याला तितकं नको, पण ब्रँच हवीच.

आकडा मुळातच खोटा येण्याची कारणं वेगळी. जेस्ट हे जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणारं टूल. तो नेहमीच्या सेटिंगमध्ये टेस्टने उघडलेल्याच फाइली मोजतो. ज्या फाइलीला एकही टेस्ट शिवली नाही, ती हिशेबातच येत नाही, आणि टक्केवारी फुगते. त्याच्या ‘कलेक्ट कव्हरेज फ्रॉम’ या सेटिंगमध्ये सगळं सोर्स फोल्डर द्या. कव्हरेज डॉट पायमध्येही सोर्स लिहून द्या, आणि टेस्टचं फोल्डर मोजणीतून वगळा. टेस्टच्या ओळी जवळजवळ सगळ्याच चालतात, त्यांनी सरासरी उगाच वर जाते.

उलट, कव्हरेज अचानक शून्य झालं तर घाबरू नका. जावाचा प्रोजेक्ट मेव्हनने बांधत असाल आणि जाकोको हे कव्हरेज टूल ‘एक्झिक्युशन डेटा फाइल सापडत नाही’ म्हणत असेल, तर आधी टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायर प्लगिनमधली आर्गलाइन (जावाला द्यायच्या सूचनांची ओळ) बघा. कुणीतरी तिथे मेमरीची मर्यादा लिहिलेली असते आणि जाकोकोने भरलेली आर्गलाइन पुसली गेलेली असते. त्या ओळीच्या सुरुवातीला ॲटचं चिन्ह आणि महिरपी कंसात आर्गलाइन लिहा, दोन्ही नांदतात. पायथॉनमध्ये काम वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटलं असेल तर कव्हरेज डॉट पायच्या कॉन्फिगमध्ये पॅरलल चालू करा, कॉन्करन्सीला मल्टिप्रोसेसिंग सांगा आणि शेवटी सगळे आकडे एकत्र करणारी कंबाइन कमांड चालवा. डॉकरच्या कंटेनरमधले पाथ (फाइलींचे पत्ते) आणि लॅपटॉपवरचे पाथ जुळत नसतील तर कॉन्फिगच्या पाथ्स विभागात दोन्ही लिहा.

आता रात्रीच्या लाल दिव्याची गोष्ट. टीममधला एक मुलगा सकाळी म्हणाला, “भाऊ, काल रात्री एक वाजता टेस्ट पडली, आता तोच कोड पास होते. मी काहीच बदललं नाही.” अशा वेळी बहुतेक जण पुन्हा चालवून मोकळे होतात. आम्ही वेळा लिहून काढल्या. टेस्ट पडायची ती मध्यरात्री 12 ते पहाटे साडेपाचच्या मधेच. टेस्ट आपोआप चालवणारा बिल्ड सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर चालतो, आपण त्याच्या 5 तास 30 मिनिटं पुढे. तेवढ्या वेळात आपल्याकडे तारीख बदललेली असते आणि सर्व्हरवर कालचीच असते. टेस्ट भारतीय तारीख धरत होती, कोड सर्व्हरची. आणि बाजारात माल रात्रीच उतरतो, म्हणजे तीच चूक खऱ्या पट्टीवरही कालची तारीख टाकणार होती.

सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलं असतं तर लाल दिवा विझला असता आणि चूक कोडमध्ये तशीच राहिली असती. आम्ही कोडमध्ये टाइमझोन स्पष्ट लिहिला, आणि टेस्टमध्ये फ्रीझगन या पायथॉनच्या लायब्ररीने वेळ रात्री साडेबारावर गोठवली. आता ती टेस्ट दुपारीही मध्यरात्र तपासते.

ब्राउझरच्या टेस्ट अधूनमधून पडत असतील तर टेस्टला नुसतं थांबवून ठेवणारे तीन-पाच सेकंदांचे स्लीप शोधा. नेट मंदावलं की तेवढी वेळ पुरत नाही, आणि चांगलं चालत असताना ती वाया जाते. सेलेनियम आणि प्लेराइट ही ब्राउझर चालवणारी टूल्स. सेलेनियममध्ये ‘बटण दिसेपर्यंत थांब’ असं सांगणारे वेट वापरा. प्लेराइट क्लिक करण्याआधी हे स्वतःच पाहतो.

शेवटचं साहेब लोकांसाठी. ‘पूर्ण प्रोजेक्टला 90 टक्के कव्हरेज नसेल तर मर्ज नाही’, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचा नाही, असा नियम लावू नका. जुना कोड मोठा असेल तर पोरं सोप्या ओळींच्या टेस्ट लिहून आकडा भरतात, अवघड ओळींवर ‘नो कव्हर’ची, म्हणजे ही ओळ मोजू नको असं टूलला सांगणारी चिठ्ठी चिकटवतात. त्यापेक्षा डिफ-कव्हरसारखं टूल लावा. ते फक्त या बदलात आलेल्या ओळी मोजतं. आमच्याकडे आता नवीन ओळ लाल राहिली तर रिव्ह्यूत कारण लिहावं लागतं, आणि ‘नो कव्हर’च्या प्रत्येक चिठ्ठीशेजारीही. हमालीच्या फाइलीत मात्र एकही चिठ्ठी चालत नाही.