गॅसचा एअर हीटर पहिल्यांदा पेटवताना

मोठी शेड तापवायला एलपीजीवर चालणारा, तोफेच्या नळीसारखा दिसणारा ब्लोअर हीटर आणतात. असे हीटर बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. जळणाऱ्या गॅसची मला तेवढी भीती वाटत नाही, जेवढी न जळता साठून राहिलेल्या गॅसची वाटते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात, गटारात, तळघरात जाऊन बसतो. हवेत जेमतेम २ टक्के मिसळला तरी एक ठिणगी पुरते. म्हणून तळघरात हा हीटर नकोच. सिलिंडर उभा ठेवा. आडवा केला तर वाफेऐवजी द्रव गॅस नळीत येतो. हीटरच्या तोंडासमोर तर सिलिंडर कधीच नको.

या प्रकारात जळलेला धूर त्याच हवेत मिसळतो, त्यामुळे शेडला खाली आणि वर, दोन्हीकडे हवेची वाट मोकळी हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं, तर सगळ्यांनी आधी बाहेर पडा.

रेग्युलेटर हीटरच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाचाच लावा. सिलिंडरच्या नटाला बहुतेक वेळा उलटे आटे असतात; नेहमीच्या सवयीने फिरवून जोर लावलात तर आटे खराब होतील. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. एकदा एका जोडावर मला काहीच दिसलं नव्हतं. अर्धा मिनिट थांबलो, तेव्हा नटाच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा हळूहळू फुगला. वॉशर चिरला होता. तेव्हापासून मी प्रत्येक जोडापाशी थांबतो.

आता पेटवणं. आधी फक्त पंखा. अर्थिंग असलेल्या सॉकेटला प्लग लावा आणि पंखा दोन मिनिटं नुसता चालू द्या, म्हणजे आत काही साठलं असेल तर ते निघून जाईल. मग गॅसचं बटण दाबून धरा आणि इग्नायटर (ठिणगी पाडणारं बटण) दाबा. ज्योत लागली तरी बटण लगेच सोडू नका, दहा-पंधरा सेकंद धरून ठेवा. थर्मोकपल (ज्योतीपाशी असलेला धातूचा छोटा दांडा) तापला की त्यातून निघणारी किंचितशी वीज गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवते. ज्योत गेली की तो आपोआप बंद होतो. काही जण बटण तारेने बांधून टाकतात. कृपा करून असं करू नका. ज्योत विझली तरी गॅस येत राहील.

पेटला नाही, तर बटण सोडा, पंखा चालू ठेवा आणि पूर्ण पाच मिनिटं थांबा. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मदतनीसाने लागोपाठ चारदा प्रयत्न केला; पाचव्या वेळी जो भडका उठला त्यात त्याच्या भुवया आणि हाताचे केस जळाले. डोळे वाचले. तो धडाका अजून माझ्या कानात आहे.

ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी लवलवत असेल तर बंद करून मागची जाळी आणि पंख्याची पाती साफ करा. ३० किलोवॅटचा हीटर तासाला दोन किलोहून जास्त गॅस खातो, तेवढी वाफ लहान सिलिंडर देऊ शकत नाही आणि त्यावर बर्फ धरतो. त्याला शेक देऊ नका. मोठा सिलिंडर लावा.

बंद करताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह. नळीतला गॅस जळून ज्योत विझू द्या, पंख्याने हीटर गार होऊ द्या, मग प्लग काढा. पहिल्या दिवशी ज्योत विझल्यावर जवळ उभं राहून ऐका: मिनिटभराच्या आत गॅसचा व्हॉल्व्ह ‘टक्’ करून बसायला हवा. ऐकू आला नाही, तर दुरुस्त होईपर्यंत तो हीटर पेटवू नका.