सोनपापडीचा जोक आता पुरे: सणावारावर कॉमेडी करताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की नागपुरात आमच्या धरमपेठेतल्या ओपन माइकची, म्हणजे कुणीही नाव देऊन पाच मिनिटं कॉमेडी करायच्या कार्यक्रमाची, यादी फुगते. नवे पोट्टे, नव्या पोरी, मोबाइलात पाच मिनिटांचं मटेरिअल. त्यातल्या निम्म्यांकडे तोच जोक असतो: सोनपापडीचा डबा या घरातून त्या घरात फिरतो आणि शेवटी आपल्याच घरी परत येतो. मी होस्ट आहे, मला मधेच उठून जाता येत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढते, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर वाचायला देऊन मोकळी.

तर सोनपापडी. हा जोक तुमचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपचाही नाही. अमेरिकेत जॉनी कार्सनने १९६२ ते १९९२ अशी ३० वर्षं टीव्हीवर रात्रीचा कार्यक्रम केला. ख्रिसमसच्या फ्रूटकेकवरचा त्याचा जोक प्रसिद्ध आहे: जगात फ्रूटकेक एकच आहे, लोक तोच एकमेकांना पाठवत राहतात. केक काढून सोनपापडी घातली की झाला आपला जोक तयार. लोक हसतात, नाही कोण म्हणतं? पण तुमच्या आधीच्या पोट्ट्याला हसले तेवढेच तुम्हाला हसतात, आणि घरी जाताना दोघांपैकी कुणाचंच नाव त्यांच्या लक्षात नसतं.

उचलायचंच असेल तर नीट पाहून तरी उचला. थँक्सगिव्हिंगच्या कोरड्या टर्कीवर अमेरिकेत ढिगाने जोक आहेत. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिथे घरोघरी अख्खा पक्षी भाजतात. मांडी नीट शिजेपर्यंत छातीचं मांस कोरडं पडतं. वर्षातून एकदाच हा उद्योग करणारा माणूस त्या पक्ष्याशी झगडतो आणि पाहुण्यांना ‘वा, छान’ म्हणत पाण्याबरोबर घास उतरवावा लागतो. जेवण का बिघडलं आणि ते कुणाला बोलता येत नाही, या दोन गोष्टींवर तो जोक उभा आहे. आमचे पोट्टे त्यातलं ‘जेवण बेकार होतं’ एवढंच घेऊन येतात.

आपल्याकडे कारणांचा तोटा आहे का बाप्पा? नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चव घ्यायची नाही. पन्नास माणसांचा स्वयंपाक, आणि मीठ सगळं अंदाजाने. कढीत ते दोनदा पडलं आणि वरणात पडलंच नाही, हे कळतं तेव्हा पहिली पंगत बसलेली असते, ताट देवापुढे जाऊन आलेलं असतं. देव काही बोलला नाही, मग तुम्ही कोण बोलणारे? घ्या, हा फुकट दिला. बाकीचे आपापल्या घरून आणा.

आता ज्या चुकीवर माझा खास राग आहे ती: न जेवलेल्या जेवणावर जोक करणं.

मागे एका कॉलनीच्या गणेश मंडळाने कॉमेडीचा कार्यक्रम ठेवला होता. महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, विसर्जन आदल्याच दिवशी झालेलं. पुढच्या दोन रांगांत सगळ्या काकू आणि आज्या, म्हणजे दोन दिवस ओट्यापाशी उभं राहून नुकत्याच बसायला मिळालेल्या बायका. लाइनअपमध्ये एक पोट्टा होता, आवाज खणखणीत, भीती कशाची ती नाही. त्याने महालक्ष्म्यांच्या जेवणावर बिट, म्हणजे एकाच विषयावरचे सलग जोक, सुरू केला. १६ भाज्या एकत्र करतात म्हणजे हा फ्रिज साफ करायचा सण आहे, वगैरे. थोडं हसू आलं. मग गडी आंबिलीवर आला. आंबट असते, चिकट असते, कुणालाच आवडत नाही, तरी वाढतात. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी बसल्या जागेवरून विचारलं, ‘काऊन रे बाबू, आंबील कशाची करतात?’

पोट्टा म्हणाला, ‘आंब्याची.’

त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं हसू तेच. पोट्ट्याला वाटलं, क्राउडवर्क, म्हणजे समोरच्यांशी बोलून हसवणं, जमलं आपल्याला. काकू म्हणाल्या, ‘ज्वारीची असते. उद्या घरी ये, देते.’ पुन्हा हशा. तो पुरणपोळीवर गेला, तर मागून कुणीतरी ओरडलं, ‘हे तरी खाल्लं का?’ करंजीवर गेला, पुन्हा तेच. शेवटी अख्खी रांग एका सुरात विचारू लागली. वेळ संपत आल्याचा मी लाइट दाखवला, तोही त्याला दिसेना. नंतर कळलं की बिट कुठल्याशा रीलवरून उचललेला होता, पदार्थ तेवढे बदललेले. याच्या घरी महालक्ष्म्या बसतच नाहीत.

बसत नसतील तर बोलूच नये असं माझं म्हणणं नाही. बाहेरून आलेल्याला उलट जास्त दिसतं. १२ चं आमंत्रण आणि पान ४ ला, हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. पाहुणा मात्र चार तास वासावर काढतो. मधेच कुणीतरी येऊन विचारतं, ‘भूक नाही ना लागली?’, आणि त्याला उत्तर एकच देता येतं. त्या पोट्ट्याने एवढं जरी सांगितलं असतं तरी काकूंनी घरी बोलावून आंबील पाजली असती. तशी ती त्यांनी पाजलीच म्हणा, पण वेगळ्या कारणाने.

माझी सवय सांगते. सणाच्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराशी भाजी निवडत बसते. हातात काम असलं की बायका तुमच्यासमोर खरं बोलतात. मोबाइल धरून बसलात की तुम्ही पाहुणे, मग सगळं छानच चाललेलं असतं. पोळी फुटली की दोष आधी पुरणावर जातो, मग कणकेवर, मग नव्या सुनेवर, आणि कधीकधी गॅसच्या शेगडीवर. हा क्रम घरागणिक वेगळा असतो, तो शब्दशः वहीत उतरवून घ्यायचा. यात अख्खा दिवस जातो. एवढा वेळ कुठे आहे म्हणणारे तोच दिवस दुसऱ्यांच्या रील पाहण्यात घालवतात, हेही मी पाहून राहिले आहे.

छोट्या चुका, एकेका ओळीत. सासू-सून आणि ‘बायको माहेरी गेली’: नको. सावजी खाल्ल्यानंतरची दुसरी सकाळ: हा जोक माझ्या माइकवर बंद आहे, कितीही वेगळा असला तरी. ऊन आणि संत्री: नागपूरकरांना नागपूर समजावून सांगू नका. ‘हा जोक पुण्यात चालला होता’: मग पुण्याला जा. चौथ्या मिनिटाला मी मोबाइलचा लाइट दाखवते, ती दाद नसते.

आजोबांचा आवाज काढताना प्रत्येक वाक्याला ‘बे’ लावणं हीसुद्धा एक साथ आली आहे. नट भारत गणेशपुरेंनी टीव्हीवर वऱ्हाडी बोलून महाराष्ट्राला हसवलं, पण ते त्यांच्या मुलखाचं बोलणं होतं. नागपूर शहरात, रामदासपेठेत वाढलेल्या पोराने टीव्हीवरून शिकलेली वऱ्हाडी आजोबांच्या तोंडी घातली की आजोबा कार्टून होतात. माझे आजोबा कुणालाच ‘बे’ म्हणाले नाहीत. तुमचे म्हणत असतील तर खुशाल म्हणू द्या.

देवावर जोक करायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे, मंडळाच्या स्टेजवर चढण्याआधी ते माहीत असलेलं बरं. पण खरं सांगू का, मूर्तीत हसण्यासारखं काही नसतंच. आरतीचं तिसरं कडवं विसरल्यावर दुप्पट जोराने टाळ्या वाजवणाऱ्या काकांकडे बघा.

आता सेलिब्रिटी. मार्च २०२४ मध्ये अनंत अंबानीच्या लग्नाआधीच्या सोहळ्यासाठी गायिका रिहाना जामनगरला येऊन गेली, जुलैत मुंबईत ते लग्न लागलं. त्या आठवड्यांत त्यावर कुणीही काहीही बोललं तरी लोक हसत होते. अजून माझ्याकडे त्या लग्नातल्या जेवणाचा जोक घेऊन पोट्टे येतात. असा जोक शिळा होतो, नागपूरच्या माणसाला तरी हे सांगावं लागू नये. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, ती १८८० च्या दशकापासून. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात आणि त्यांच्यावर त्या त्या वर्षीचा राग काढलेला असतो: महागाई, पुढारी, घोटाळे, टीव्हीवर गाजलेलं एखादं प्रकरण. ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत सगळं शहर मागे, आणि मिरवणूक संपली की बडगे जाळून टाकतात. गेल्या वर्षीचा बडग्या सांभाळून ठेवून कुणी यंदा पुन्हा काढत नाही. तुमचा सेलिब्रिटीचा जोकही त्याच दिवशी जाळा, पुढच्या वर्षी नवा बांधा.

ज्यांना टिकणारं काही हवं असेल त्यांनी सेलिब्रिटीला सोडून आपल्या घरच्यांकडे बघावं. सोन्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला मुंबईहून नटी येते. वेळ ११ ची, येते ३ ला. माइकवर दोन वाक्यं बोलते, त्यातलं एक संत्र्यांवर. उन्हात उभे राहून आलेले काका घरी येऊन सांगतात, ‘फार बारीक आहे हो, घरी जेवत नसेल.’ काकू विचारतात, ‘तुम्ही जेवलात का?’ काका नाही म्हणतात, आणि मग सकाळचीच भाजी गरम होते. इथे नटी कुठलीही चालते. तिच्या वजनावर किंवा घटस्फोटावर घसरलात तर मात्र मी माइक बंद करते, पाच मिनिटं झाली असोत वा नसोत.

कंपन्यांच्या दिवाळी कार्यक्रमात एक वेगळी गंमत होते. तुमचा सेट नेमका जेवणाआधी लावतात. समोर भुकेली माणसं, बाजूला केटरर उभा, आणि तुम्ही खराब जेवणावर बोलता आहात. कुणी हसत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष झाकण कधी उघडतं याकडे असतं. मेन्यू आधी विचारून घ्या, आणि मेन्यूत असलेला पदार्थ सेटमधून काढा. जमलं तर जेवणानंतरची वेळ मागा. लोक पेंगतात, पण निदान ऐकतात.

आणखी एक, जे यंदाही कुणी ऐकणार नाही. दिवाळीचा सेट दिवाळीत लिहायला बसू नका. वसुबारसेला सुचलेला जोक लक्ष्मीपूजनाला स्टेजवर आणला तर तो कच्चा असतो, आणि पक्का होईस्तोवर तुळशीचं लग्न लागून गेलेलं असतं. मार्गशीर्षात फराळावरचा जोक ऐकायला कुणी येत नाही. या दिवाळीत नुसतं टिपून ठेवा. पुढच्या पोळ्यापासून ते माइकवर आणायला लागा, कुठली वाक्यं पडतात ते तोवर कळतं. नवरात्रात माझा माइक नसतो, गरब्यामुळे जागा मिळत नाही. कोजागिरीनंतरच्या यादीत नाव द्यायचं असेल तर आधी कळवा, आणि मटेरिअल कशावर आहे ते एका ओळीत लिहून पाठवा.