डोळ्यातलं ‘वाढलेलं मांस’ : या चुका टाळा

डोळ्यात मांस वाढलंय म्हणून येणाऱ्या बहुतेक पेशंटना टेरिजियमच, म्हणजे पांढऱ्या भागावरून बुबुळावर चढणारी कॅन्सर नसलेली साधी वाढच असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण बुबुळाच्या कडेला तशीच दिसणारी एक वाढ कॅन्सरच्या आधीची पायरी किंवा कॅन्सरही असू शकते, डॉक्टर तिला ओएसएसएन (ऑक्युलर सरफेस स्क्वेमस निओप्लेझिया) म्हणतात, आणि ती टेरिजियम समजून काढली गेली की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

डॉक्टरांची पहिली चूक, टॉर्च मारून निदान करणं. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर बसवून नीट बघा. टेरिजियम त्रिकोणी, बुबुळावर चढत गेलेलं असतं. ओएसएसएनची वाढ जेलीसारखी फुगीर किंवा पांढरट खपली धरलेली, आणि तिच्याकडे जाणाऱ्या एक-दोन जाड लाल शिरा उठून दिसतात. रोझ बेंगॉल हा रंग डोळ्यात टाकला की ती रंग धरते आणि साध्या नजरेला न दिसलेली कड कळते. एएस-ओसीटीत (डोळ्याच्या पुढच्या भागाच्या स्कॅनमध्ये) वरचा थर जाड, पांढरा चकाकतो आणि नॉर्मल थर जिथे संपतो तिथे एकदम फरक दिसतो. पेशंट तरुण असेल किंवा दोन्ही डोळ्यांत असेल तर एचआयव्हीची टेस्ट सांगायला संकोचू नका.

लाली आहे म्हणून महिनोन्‌महिने स्टिरॉइडचे ड्रॉप घालत बसणं हीसुद्धा तितकीच वाईट चूक.

ऑपरेशनमध्ये मात्र पहिलाच चान्स सगळ्यात महत्त्वाचा. छोटी गाठ असेल तर आधी तुकडा काढून बघू असं करू नका, अख्खी काढा, गाठीला चिमटा न लावता, 3 ते 4 मिमी चांगला भाग सोबत घेऊन. बुबुळावरच्या भागाला अल्कोहोल लावून तो थर सोलायचा, उरलेल्या कडांना दोनदा क्रायो द्यायचा (म्हणजे त्या गोठवायच्या), आणि टाके घालायच्या आधी इन्स्ट्रुमेंट बदलायची, नाहीतर त्याच चिमट्याने पेशी चांगल्या जागी पेरल्या जातात. काढलेला तुकडा फिल्टर पेपरवर सपाट पसरून, दिशा खुणावून मग फॉर्मालिनमध्ये टाका. तसाच बाटलीत टाकला की गुंडाळी होते आणि कड क्लिअर आहे की नाही हे पॅथॉलॉजिस्टला सांगताच येत नाही.

कडेला पेशी उरल्यात असं आलं तर मायटोमायसिन किंवा 5-एफयू या कॅन्सरवरच्या औषधांचे ड्रॉप देता येतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आणि पेशंटनो, साधं टेरिजियम म्हणून काढलं असेल तरी बायोप्सीचा (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट मागून घ्या, जपून ठेवा. ओएसएसएन काही वर्षांनीही परत येऊ शकते, त्यामुळे डोळा बरा वाटला तरी फॉलोअप सोडू नका.