बाथरूम फोडायला काढताय? आधी पाण्याचं बघा

पुण्यात जुन्या फ्लॅटच्या दुरुस्तीची कामं मी घेते. पहिल्याच भेटीत सांगते, टाइल्स नंतर निवडू.

जुना कोबा, म्हणजे टाइल्सखालचा थर, स्लॅबपर्यंत फोडून घ्या. नव्या पाइपांची प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय भिंत बुजवू देऊ नका. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवरही फूटभर चढवा. नहाणी ट्रॅपभोवती, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून निघून जातं तिथे, तर अजिबात हात राखायचा नाही, गळती बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. थर वाळला की ट्रॅप बंद करून दोनेक इंच पाणी भरा आणि पूर्ण ४८ तास राहू द्या. खालच्या काकूंना आधी कळवा, त्यांचं छत स्वतः जाऊन पाहा. गवंडी म्हणेल, "ताई, एक रात्र पुरे." ऐकू नका! टाइल्स बसल्यावर ओल दिसली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

जमिनीचा उतार ट्रॅपकडे, मीटरला साधारण १ सेंटिमीटर. बादलीभर पाणी ओतून बघा.

४८ तासांच्या पाण्याच्या चाचणीआधी वॉटरप्रूफिंगचे पूर्ण पैसे देऊ नका. आणि घमेली वाहणाऱ्या बाईला पुरुष बिगाऱ्याइतकीच मजुरी मिळते का, हेही विचारा. समान कामाला समान मजुरी १९७६ पासून कायद्यात आहे. मी ती माझ्या करारातच लिहिते.