फायररेडमध्ये बल्बासॉर घेतलाय? मग एवढं करा

पहिल्यांदा पोकेमॉनचा फायररेड हा गेम खेळलो तेव्हा सुरुवातीच्या पोकेमॉनपैकी मी पण सगळ्यांसारखा आगीचा चारमँडर उचलला, आग दिसली की आपण भाळतोच, आणि पहिल्याच जिममध्ये (लढतीचा अड्डा) तिथला लीडर ब्रॉकने धुतला. दुसऱ्या वेळी गवताचा (ग्रास टाइप) बल्बासॉर घेतला आणि ब्रॉक दोन मिनिटात आडवा. त्याचे जिओड्यूड (लेव्हल १२) आणि ऑनिक्स (लेव्हल १४) दोघेही रॉक-ग्राउंड, म्हणजे ग्रास मूव्ह (गवताचा हल्ला) त्यांना चौपट लागते. लेव्हल १० ला वाइन व्हिप हा ग्रास हल्ला मिळतो तेवढा येऊ द्या आणि मग जा, त्याआधी घाई करू नका. विरिडियन जंगलात वीडलच्या विषाची पण भीती नाही कारण हा गडी स्वतःच अर्धा पॉइझन टाइप आहे.

प्रोफेसर ओकच्या टेबलावरचा, पहिला पोकेमॉन असलेला बॉल उचलायच्या आधी सेव्ह करा हां. पोकेमॉनचं नेचर (स्वभाव) मॉडेस्ट आलं तर सोनं, कारण या गेममध्ये सगळ्या ग्रास मूव्ह स्पेशल अटॅक या ताकदीवर चालतात आणि मॉडेस्टने तोच १० टक्के वाढतो. नाही आलं तरी गेम आरामात संपतो, त्यासाठी पन्नास वेळा रीसेट मारत बसायची काही गरज नाही.

आता लेव्हल १५, इथे बरेच जण चुकतात. एकाच लेव्हलला पॉइझन पावडर आणि स्लीप पावडर दोन्ही शिकवायला विचारतो. पॉइझन पावडरला सरळ नाही म्हणा आणि ग्राउल ही जुनी मूव्ह काढून स्लीप पावडर ठेवा, कारण समोरचा एकतर झोपेल नाहीतर विष चढेल, दोन्ही एकदम होत नाही. लीच सीड या रक्त शोषणाऱ्या बीच्या मूव्हचं तसं नाही, ते झोपलेल्यावर पण चालतं. म्हणजे आधी झोपवा, मग सीड लावा, तो घोरत पडलाय आणि दर टर्नला त्याच्या एकूण एचपीचा (जीवाचा) आठवा भाग जळूसारखा आपल्याकडे येतोय 😄 स्लीप पावडर ७५ टक्केच लागतं, चुकलं तर चिडू नका, परत मारा.

१६ ला बल्बासॉर इव्हॉल्व्ह होऊन (रूप बदलून) आयव्हीसॉर व्हायला लागला की बी बटण दाबून थांबवा. बल्बासॉरला रेझर लीफ हा ग्रास हल्ला २० ला मिळतो, आयव्हीसॉरला २२ ला, तर २० ला मूव्ह शिकू द्या आणि लगेच त्याच वेळी इव्हॉल्व्ह होऊ द्या. पाण्याच्या जिमची लीडर मिस्टी, तिची स्टारमी (लेव्हल २१) याच रेझर लीफने पडते. तिच्यावर सीड लावत बसू नका, तिच्याकडे रॅपिड स्पिन आहे, एका फिरकीत सीड झटकून टाकते आणि आपला टर्न फुकट, माझं हे दोनदा झालंय तेव्हा कळलं.

ग्रास जिमची लीडर एरिका, तिच्याकडे मात्र याला मागे ठेवा. तिचे तिन्ही ग्रास टाइप, लीच सीड लागतच नाही आणि विक्ट्रीबेल, व्हाइलप्लूम पॉइझन पण असल्यामुळे रेझर लीफ म्हणजे गुदगुल्या. रूट ७ वर आगीचा ग्रोलिथ मिळतो, त्याला पाठवा. जिंकलात की ती टीएम १९ (मूव्ह शिकवणारं यंत्र) गिगा ड्रेन देते, तो मात्र याच्यासाठीच जपून ठेवा, जितका मार त्याच्या निम्मं एचपी परत येतं, पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते ते) ५ च आहेत तेवढं लक्षात असू द्या.

३२ ला व्हीनसॉर झाला की काम सोपं. आग, बर्फ, उडणारे आणि सायकिक समोर आले की बदलून टाका, हट्ट नको, ब्लेनच्या आगीच्या जिममध्ये तर बाहेर काढूच नका. आणि काही पकडायचं असेल तर याच्याइतका कामाचा कोणी नाही, झोपलेला पोकेमॉन पकडायचा चान्स दुप्पट होतो. फक्त तेव्हा लीच सीड लावू नका राव, मी एकदा लावलं आणि बॉल फेकत बसलो, तेवढ्यात सीडनेच स्नॉरलॅक्सचा जीव घेतला.